तिसरा रकाना: इंग्रजी वाक्प्रचारांच्या मार्गदर्शकांविषयी

पेडगावात येऊन वाक्प्रचारांवर बोलायचं, म्हणजे सुरुवात कुठून होणार हे तुम्ही ओळखलंच असेल. (हशा) वेड पांघरून पेडगावला जाणे! आता लोक ज्या पेडगावाशी याचा संबंध जोडतात ते आपलं परभणीचं नव्हे. ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं, बहादूरगडाचं. पण कोणतं पेडगाव हे माहीत नसलं तरी आपलं काही अडत नाही. ठाऊक असून अजाणतेपणाचं सोंग घेणारा दिसला, की तोंडून ते बरोबर निघतं. वाक्प्रचार येणं म्हणजे हे.

माझी तक्रार आहे ती इंग्रजी वाक्प्रचारांच्या मार्गदर्शकांबद्दल. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्या रकान्यात मराठी अर्थ. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. अर्थ चूक नाही. पण माझ्या एका विद्यार्थ्यानं साहेबांना इंग्रजीतून सांत्वनाचं पत्र लिहिलं, त्यात त्यांच्या वडिलांसाठी हेच वापरलं! पोरानं पाठ केलेलं इमानानं लिहिलं. हसं झालं ते त्याचं, पुस्तकाचं नाही. मराठीत बघा: वारले, निधन झालं, खपला, गचकला. घटना एकच. पण दहाव्याला जाऊन 'तुमचे वडील गचकले' असं कुणी म्हणेल का? 'किक द बकेट' हा 'गचकणे'च्या घरचा आहे, हे उजवा रकाना सांगत नाही.

विट्गेन्श्टाइनचं 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं. त्यातला एक मुद्दा साध्या भाषेत असा, की शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरात असतो.

दुसरं उदाहरण घ्या. 'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल', म्हणजे न्यूकॅसलला कोळसा नेणे. रकान्यात अर्थ मिळतो 'व्यर्थ श्रम'. पण व्यर्थ का? न्यूकॅसल हे कोळसा बाहेर पाठवणारं बंदर होतं. तिथं कोळसा नेणं म्हणजे आपल्या परभणीत ज्वारी विकायला आणणं. 'पालथ्या घड्यावर पाणी' हेही व्यर्थच. पण तिथं घडा पाणी घेत नाही म्हणून, इथं माल आधीच भरपूर आहे म्हणून. शिकवलेलं डोक्यात न शिरणाऱ्या मुलाला न्यूकॅसल लावून चालणार नाही.

या पुस्तकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. गावात इंग्रजी कानावर पडत नाही, परीक्षेत गुण तर हवेत. दोन रकाने तेवढं काम करतात, मान्य. मग तिसरा जोडा ना! कोण बोलतो, कुणाला, कोणत्या प्रसंगी. पन्नास वाक्प्रचार कमी करा, पण एवढं द्या.

ते द्यायचं नाही, आणि वर 'खेड्यातल्या पोरांना इंग्रजी का येत नाही बुवा?' असं विचारायचं. यालाच म्हणतात वेड पांघरून पेडगावला जाणं. (टाळ्या)