जिच्यावर गाणं, तिचा आवाज शेवटी

'योआसोबी' या जपानी जोडीचं 'आयडॉल' हे गाणं १२ एप्रिल २०२३ला आलं आणि जूनमध्ये बिलबोर्डच्या अमेरिका वगळून काढलेल्या जागतिक यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. जपानी भाषेतल्या गाण्याला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. 'ओशी नो को' या अ‍ॅनिमे मालिकेचं हे शीर्षकगीत. पहिल्यांदा ऐकताना त्याचा वेग आणि झगमगाटच मनात भरतो. मला मात्र ते त्याच्या बांधणीसाठी थोर वाटतं.

मालिकेतली आइ होशिनो ही 'बी-कोमाची' या गटाची सगळ्यात लाडकी गायिका. आयडॉलने, म्हणजे अशा गटातल्या गायिकेने, चाहत्यांचंच असावं, प्रेमात पडू नये, हा त्या व्यवसायाचा अलिखित दंडक. आइला सोळाव्या वर्षी जुळी मुलं होतात. आक्वा आणि रुबी. ती त्यांना जगापासून लपवते. पहिल्याच, दीड तासाच्या भागात एक चाहता तिचा खून करतो. पुढच्या भागांतून तिच्या स्तुतीचं हे गाणं वाजतं तेव्हा ती गेलेली असते.

योआसोबी गोष्टींवरून गाणी करतात. या गाण्यासाठी मालिका ज्या मांगावर (जपानी चित्रकथेवर) बेतली आहे तिचे लेखक आका आकासाका यांनी '४५५१०' नावाची कथा लिहिली. ती सांगते आइची गटातली एक जुनी सहकारी. जोडीतले गीतकार-संगीतकार आयासे यांनी या कथेतून नुसतं कथानक उचललं नाही, आइकडे बाहेरून पाहणारी नजरही उचलली.

पहिलं कडवं गर्दीचं आहे. काय खाल्लंस, कोणतं पुस्तक आवडतं, फिरायला कुठे जातेस, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि आइ प्रत्येकाला हसत बगल देते. या हुलकावणीला चाल टाळ्यांच्या ठेक्यावर नाचवते. ध्रुपद आलं की सूर वर चढतो, मागून चाहत्यांच्या आरोळ्या उठतात. तिचं प्रेम खोटं असलं तरी तेच परिपूर्ण, असा निवाडा गर्दी देऊन टाकते.

दुसऱ्या कडव्यात उजेडच बदलतो. ठेका जड होतो, मागे गंभीर समूहस्वर लागतो आणि रॅपमधून गटातल्या इतर मुली बोलू लागतात. ती खास, आम्ही तिच्या शेजारच्या शोभेच्या बाहुल्या, ही जळफळ त्यात उघड आहे. पण कडव्याच्या शेवटी या मत्सराला वेगळंच वळण मिळतं. आइ दुबळी पडलेली आम्हाला चालणार नाही, असं त्या म्हणतात. चाहत्यांप्रमाणे या मुलीही तिला माणूस होऊ देत नाहीत. मत्सर आणि भक्ती दोन्हींनी तिच्याभोवती एकच पिंजरा विणावा, हे या कडव्याचं मर्म.

मग आइ स्वतः बोलते. इथली एक जागा फार सुंदर आहे. घामाच्या आणि पापणीच्या वर्णनात आयासे यांनी दोन्ही मुलांची नावं गुंफली आहेत. श्रोत्याला ती चमकदार विशेषणं वाटतात. आईने मुलांना गर्दीपासून लपवलं, तसंच गीताने त्यांना सर्वांदेखत लपवलं आहे. मला कुणी प्रेम दिलं नाही, मी कुणावर केलं नाही, खोटं बोलता बोलता ते कधीतरी खरं होईल या आशेवर मी जगले, ही तिची कबुली. अखेरीस जे शब्द ती हजारोंना खोटे म्हणून वाटत आली, तेच ती आपल्या दोघा मुलांना खरेपणाने म्हणते. तिथेच गाणं संपतं.

हे सारं जोडीतली गायिका इकुरा हिच्या एकाच गळ्यातून येतं. गर्दीसाठी लाडिक, मत्सरासाठी कोरडा, कबुलीसाठी उघडा, असा तिचा आवाज पालटत जातो, पण तो कुठेही रडवेला होत नाही. कबुलीच्या वेळीही लय ढिली पडत नाही. आइला आयुष्यात थांबायची मुभा नव्हती, म्हणून गाणंही थांबत नाही.

मालिकेच्या सुरुवातीला वाजतं ते दीड मिनिटांचं रूप. त्यात फक्त गर्दीचं कडवं आहे, कबुली नाही. म्हणून हे गाणं पूर्णच ऐकावं. अर्धवट ऐकलं तर आपणही त्या गर्दीतलेच ठरतो. शेवटपर्यंत ऐकणं हाच आइला माणूस म्हणून भेटण्याचा एकमेव मार्ग आयासे यांनी ठेवला आहे.