यंत्रांच्या प्रतिकृति व प्रमाणाचा प्रश्न

बांधकामाच्या यंत्रांच्या ज्या लहान ओतीव प्रतिकृति बाजारांत मिळतात, त्यांस खेळणीं म्हणावें कीं कलाकृति, या वादांत शिरण्याचा आमचा हेतु नाहीं. दोन्ही पक्षांस मान्य होईल असा एक प्रश्न मात्र त्यांच्याविषयीं विचारतां येतो : ही वस्तु मूळ यंत्राच्या आकारासंबंधानें आपणांस खरें सांगते काय? आमच्या मतें तिची परीक्षा येथेंच व्हावयास पाहिजे.

प्रतिकृतीच्या तळाशीं किंवा पेटीवर १:५० असे आंकडे असतात. मूळ यंत्रांतील पन्नास सेंटिमीटरांचें प्रतिकृतींत एक सेंटिमीटर झालें, असा त्यांचा अर्थ. दुसरा आंकडा वाढला कीं प्रतिकृति लहान होते, हें अपूर्णांक शिकलेल्या मुलासही कळतें. पण ती किती लहान होते, हें पुष्कळ जाणत्या संग्राहकांच्याही ध्यानांत येत नाहीं. १:५० व १:८७ या प्रमाणांत लांबीचा फरक पावणेदोन पटींचा आहे. परंतु लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही एकदम घटत असल्यामुळें घनफळाचा फरक पांच पटींहून अधिक होतो. यांपैकीं १:८७ हें प्रमाण आगगाड्यांच्या प्रतिकृतींतून आलेलें आहे. बांधकामाच्या यंत्रांत १:५० रूढ झालें. न्युरेम्बर्गच्या परिसरांतील एन. झेड. जी. व कॉनराड या निर्मात्यांच्या बहुतेक यंत्रप्रतिकृति याच प्रमाणाच्या असतात.

याच्या उलट परंपरा इंग्लंडांतील. सन १९५३ मध्यें लंडनच्या लेस्नी कंपनीनें 'मॅचबॉक्स' मालिका काढली. कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेंत आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें नेण्याची मुभा होती, आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असें सांगतात. मालिकेंतील पहिला क्रमांक रोडरोलरचा व पांचवा लंडनच्या दुमजली बसचा. दोन्ही सुमारें दोन इंचांचे. प्रत्येक नग एकटा पाहिला तर मनोहर आहे. पण ते शेजारीं ठेवले म्हणजे रस्ता दाबणारा रोलर त्या रस्त्यावरून धांवणाऱ्या बसच्या बरोबरीचा होऊन बसतो. येथें प्रमाण यंत्रानें ठरविलें नाहीं, पेटीनें ठरविलें. मुलाच्या खिशासाठीं तें योग्यच होतें, व त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. तीच संवय प्रौढ संग्राहकाच्या कपाटांत शिरते, तेव्हां मात्र बोलणें भाग पडतें.

एक उदाहरण घेऊं. खाणींत चालणारा कॅटरपिलर ७९७ एफ हा ट्रक सुमारें १५ मीटर लांब असून एका खेपेस ३६३ टन माल वाहतो. ज्यास आपल्याकडे सर्रास 'जेसीबी' म्हणतात, तें पुढें लोडर व मागें खोदण्याचा हात असलेलें यंत्र साडेपांच ते सहा मीटरांचें. दोन्ही १:५० प्रमाणांत असल्यास एक ३० व दुसरें ११-१२ सेंटिमीटर भरेल, आणि अडीच पटींचें खरें अंतर डोळ्यांस दिसेल. तोच ट्रक १:८७ चा आणून शेजारीं ठेवला, तर तो जेमतेम १७ सेंटिमीटर भरतो, आणि ज्याचें एकेक चाक सुमारें चार मीटर उंच, तो राक्षस गांवांतल्या मालमोटारीसारखा दिसूं लागतो. दोन्ही प्रतिकृति आपापल्या परीनें खऱ्या; त्यांची जोडी मात्र खोटी. प्रमाण हें एका वस्तूपुरतें वचन नसून सबंध कपाटाला दिलेलें वचन आहे, असें आम्ही म्हणतों तें यासाठींच.

आतां दुसऱ्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. हें वचन शब्दशः पाळणें कोणत्याही निर्मात्यास शक्य नाहीं. चार सेंटिमीटर जाडीचा कठड्याचा नळ १:५० मध्यें पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतो, तर दोन सेंटिमीटर जाडीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ होतो. जस्ताची मिश्रधातु दाबानें पोलादी सांच्यांत भरून इतकी बारीक वस्तु काढली, तर ती हात लागतांच मोडेल. म्हणून कोणी कठडा जाड करितो, कोणी तेथें प्लास्टिक किंवा कोरलेलें पातळ पितळ योजितो. रंगाचा थरही प्रमाणांत लहान होत नाहीं. येथें कारागिराची विवेकबुद्धि दिसते. कठडा थोडा जाड झाला तर आम्ही क्षमा करूं. चाकांचा व्यास किंवा आंसांमधील अंतर चुकलें तर करणार नाहीं, कारण यंत्राची ठेवण त्यांवर उभी असते. ही परीक्षा वाचकांस घरींही करितां येईल : पट्टीनें अंतर मोजावें, पन्नासानें गुणावें, आणि यंत्राच्या उत्पादकानें दिलेल्या मापांशीं ताडून पाहावें.

शेवटीं एक सूचना. पेटीवर प्रमाणाचा आंकडा स्पष्ट छापावाच. त्याबरोबर त्याच प्रमाणाचा एक माणूसही द्यावा. १:५० मध्यें तो साडेतीन सेंटिमीटरांहून किंचित कमी होतो, आणि त्या ट्रकच्या चाकाच्या निम्म्यासही पोंचत नाहीं. जीं यंत्रें डोंगर हलवितात, त्यांच्यापुढें तीं चालविणारा माणूस केवढा असतो, हें दाखविण्याचें सामर्थ्य ज्या प्रतिकृतींत नाहीं, ती कितीही सुबक असली तरी अपुरीच म्हणावी लागेल.