खोबण आणि चुंबक

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा प्रमाणाची पर्वा कोणी करीत नाही. दगड-विटांवर गोणपाट टाकायचे, त्यावर माती लिंपायची, आळीव पेरून रान उगवायचे, आणि बाजारातून आणलेला मावळा महादरवाज्याशी उभा करायचा. तो दरवाज्याहून चांगला चार बोटे उंच असतो. महाराज तर अख्ख्या बालेकिल्ल्याएवढे. आमच्या कर्जतच्या मुलांना खरा किल्ला केवढा असतो हे काही पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोथळीगडाचा सुळका आणि राजमाचीची जोडशिखरे त्यांनी पायांनी मोजलेली असतात. तरीही त्या मातीच्या किल्ल्याला खोटा म्हणण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

यंदा त्या किल्ल्यापासून चार हातांवर, आमच्या ओटीवर, अगदी निराळ्या जातीची एक प्रतिकृती येऊन बसली. परदेशी नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने ती आणली. पेटीवर लिहिले होते की ही मूळ मोटारीच्या बरोबर एक-बत्तिसांश आहे. मावळ्याने आणि या मोटारीने मिळून माझ्यापुढे एक प्रश्न टाकला. मूळ वस्तूशी इमान राखणे म्हणजे नेमके काय राखणे? या लेखात त्या मोटारीचे परीक्षण करायचे आहे, आणि ते या प्रश्नाला बगल देऊन करता येणार नाही.

प्रथम वस्तूची ओळख. ‘स्लॉट कार’ म्हणजे खोबणीत धावणारी विजेची मोटार. मार्गाच्या तुकड्यांना मधोमध एक खोबण असते आणि तिच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या. मोटारीच्या नाकाखाली एक जीभ असते. ती खोबणीत उतरते. जिभेलगतच्या तांब्याच्या तारांच्या वेण्या पट्ट्यांवर घासत जातात आणि पोटातल्या इंजिनाला वीज पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात बंदुकीच्या घोड्यासारखी एक कळ असते. घोडा जितका दाबावा तितकी वीज, तितका वेग. सुकाणू नाही. दिशा खोबणीच्या हाती, वेग आपल्या. हा खेळ जगभर गेला तो इंग्लंडमधून. तेथे फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने तो बाजारात आणला, आणि पुढे अनेक कारखाने त्यात उतरले. आमच्या पेटीवर कोणाचे नाव आहे याला या विवेचनात महत्त्व नाही. जे दोष मी सांगणार आहे ते एका घराण्याचे नाहीत, एका काळाचे आहेत.

मोटार आहे लोटस कॉर्टिना. ही ‘सलून’ जातीची शर्यतीची मोटार, असे मी सांगताच शेजारच्या बंडूने विचारले, “म्हणजे न्हाव्याची?” आपल्या बाजारपेठेत सलून म्हटले की आरसा आणि वस्तरा आठवतो, त्याला इलाज नाही. मोटारींच्या परिभाषेत सलून म्हणजे छप्पर असलेली, मागे सामानाची पेटी असलेली, बायकामुलांना घेऊन जाण्याची साधी घरगुती गाडी. ती शर्यतीत उतरते यातच तिची गंमत आहे. शर्यतीसाठी जन्मलेली उघड्या चाकांची गाडी धावली तर नवल ते काय! पण कालपर्यंत भाजी आणणारी गाडी आज वळणावर शेपूट फेकीत जाते, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की आपल्या दाराशी उभी आहे तिच्यातही हे कोठेतरी दडलेले असेल. ज्यांनी १,०८९ सी. सी. इंजिनाची फियाट बोरघाटात तापलेली पाहिली आहे, शिंग्रोबापाशी टोपण उघडून वाफ जाऊ दिली आहे आणि देवापुढे नाणे टाकले आहे, त्यांना ही भावना समजावून सांगावी लागणार नाही.

फोर्डची साधी कॉर्टिना अशीच होती. लोटस कंपनीने तिच्यात १,५५८ सी. सी.चे, १०५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले, पहिल्या गाड्यांचे दरवाजे आणि झाकणे हलक्या धातूची केली, पांढऱ्या अंगावर हिरवा पट्टा ओढला, आणि १९६३ साली ती लोकांपुढे आली. १९६४ साली जिम क्लार्कने ब्रिटनचे सलून मोटारींचे अजिंक्यपद तिच्यावर मिळवले. हा क्लार्क १९६३ आणि १९६५ असा दोनदा जगज्जेता झाला आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमच्या शर्यतीत गेला. त्याच्या कॉर्टिनाची जुनी चित्रणे आज कोणालाही पाहता येतात. वळणावर गाडी कलते आणि आतल्या अंगाचे पुढचे चाक जमीन सोडून वर उठते. तीन चाकांवर, शेपूट किंचित बाहेर, ती वळण संपवते. आत बसलेला माणूस मात्र आरामखुर्चीत बसल्यासारखा शांत. या गाडीची ओळख हिरव्या पट्ट्यापेक्षा त्या उचललेल्या चाकात अधिक आहे.

आता प्रतिकृती. दिसण्याच्या बाबतीत कारागिराला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. लांबी भरते साडेतेरा सेंटिमीटरच्या आत-बाहेर; मूळ गाडी सव्वाचार मीटरांहून थोडी अधिक आहे, म्हणजे हिशेब चोख. हिरवा पट्टा दिव्यापासून निघून पाठीमागे जाताना कोठेही थरथरत नाही. मागचे तीन पाकळ्यांचे गोल दिवे भिंगातून पाहावेत असे. एक उणीव तेवढी मला प्रथम खटकली. काचेतून डोकावले तर आतला चालक कमरेपर्यंतच आहे. पायांच्या जागी इंजिन बसवल्यामुळे त्याचे पाय छाटावे लागले. पण विचार केल्यावर मी हा आक्षेप मागे घेतला. या गाडीत चालकाचे पाय माझ्या बोटात आलेले आहेत. हे न्यून प्रामाणिक आहे, मातीच्या किल्ल्यातल्या मावळ्याच्या उंचीसारखे. तेथे मूळ वस्तू आणि खेळणारा यांच्यात एक करार झालेला असतो.

खरा पेच सुरू होतो तो गाडी धावू लागल्यावर. आकार बत्तीस पटींनी लहान करता येतो. गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. मूळ गाडीचे वजन ८२५ ते ८५० किलो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बत्तीस पट घटली की वजन ३२,७६८ पट घटायला हवे. म्हणजे प्रतिकृती २५-२६ ग्रॅमची हवी. आमच्या काट्यावर ती ८० ग्रॅम भरली. वेगाचेही तसेच. ओटीवरचा माझा मार्ग पाच मीटरांचा. अडीच सेकंदांत एक फेरी, म्हणजे सेकंदाला दोन मीटर. लांबीच्या प्रमाणात हा वेग ताशी २३० किलोमीटर होतो, जो मूळ गाडीला कधी साधला नाही. पण वळणावर गाडी घसरेल की टिकेल हे ठरते ते वेगाच्या वर्गावर. तेथे प्रमाण बत्तिसाचे नसून बत्तिसाच्या वर्गमुळाचे लागते, सुमारे साडेपाच पटींचे. आणि मग तोच वेग ताशी चाळीस किलोमीटर ठरतो. डोळ्याला २३०, चाकांना ४०. ज्यांनी चित्रपटांसाठी लहान आगगाड्या आणि जहाजे बुडवली त्यांना हे गुपित ठाऊक होते. म्हणून ते लहान वस्तूचे चित्रण वाढवलेल्या गतीने करून पडद्यावर ती संथ दाखवीत. सांगायचे ते इतकेच की फूटपट्टी लावून मिळणारे सत्य गाडी उभी असेपर्यंतच पुरते. धावणाऱ्या वस्तूचे इमान दुसरीकडे शोधावे लागते.

कोठे? येथे काही रसिक म्हणतील, ज्या मोटारीला सुकाणूच नाही तिच्यात शर्यतीचे सत्य शोधणे हा वेडेपणा आहे. खोबणीने दिशा ठरवून दिली की चालकाला उरले काय? हा आक्षेप मला परका नाही. तो मी स्वतः एकदा घेतला आहे, आणि तोही नको त्या माणसापुढे.

माझे वडील कर्जतला घाटाच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. पळसदरी सोडली की बोरघाटाचा चढ लागतो. सदतीस फुटांना एक फूट. १८६३ साली हा मार्ग खुला झाला, आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोड-इंजिने लावण्याचा परिपाठ आमच्या गावाने पिढ्यान् पिढ्या पाहिला. स्विस आराखड्याच्या त्या जुन्या लांबनाक्या विजेच्या इंजिनांना रेल्वेतले लोक ‘खेकडा’ म्हणत. मी अकरावीत होतो, कविता करीत होतो, आणि वृत्तांचे जोखड फेकून दिले पाहिजे असे माझे ठाम मत होते. त्या तोऱ्यात मी एका रात्री जेवताना म्हणालो, “नाना, रूळ नेईल तिकडे जायचे, त्यात चालवायचे ते काय?” आईने पान वाढता वाढता माझ्याकडे पाहिले. नाना काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी पाळीवरून आले, हात धुतले आणि सहज सांगावे तसे म्हणाले, “चढताना इंजिन चालवतं. उतरताना ड्रायव्हर.”

त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. घाट उतरताना ठरलेल्या जागी गाडी उभी करून दाखवावी लागते. ती ताब्यात आहे हे सिद्ध झाले तरच पुढचा रस्ता मिळतो. नाही थांबली तर सांधा तिला चढाच्या आडमार्गावर नेऊन सोडतो. रूळ एक मिलिमीटरही इकडेतिकडे जाऊ देत नाही, आणि तरीही हजार टनांचे ओझे ब्रेकच्या एका दांडीवर तोलीत आणणे हे सारे कसब माणसाचे असते. रुळाने दिशेची चिंता काढून घेतली म्हणूनच वेगाची जाण इतकी सूक्ष्म होऊ शकली. वृत्ताचेही तेच आहे. अक्षरगणांची खोबण ठरलेली असते. कवी तीत कोठे रेंगाळतो, कोठे घाई करतो, कोठे यतीवर श्वास धरतो, यावर कविता जगते. खोबण हे बंधन खरे, पण ते कलेला मारक नाही.

मारक आहे ते दुसरेच. ही गाडी मी पहिल्या संध्याकाळी तासभर चालवली. ती एकदाही पडली नाही. घोडा पूर्ण दाबून धरला तरी ती वळणातून अशी निघे की जणू खाली कोणी ओढून धरले आहे. उलटी करून पाहिली तर खरोखरच धरले होते. पोटाखाली, मागच्या आसाजवळ, एक पट्टीसारखे चुंबक बसवले होते. मार्गाच्या पोलादी पट्ट्यांना ते चिकटू पाहते आणि गाडीला निसटू देत नाही. या खेळात चुंबके पुढे सर्वत्र रूढ झाली. लहान मुले लवकर निराश होऊ नयेत, वेग दिसावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण परिणाम काय झाला? बाहेरून तंतोतंत कॉर्टिना असलेली ही वस्तू वळणावर कॉर्टिना राहत नाही. जी गाडी जमीन सोडण्यासाठी प्रसिद्ध, तिला जमिनीला चिकटवून ठेवले. पट्टा खरा, दिवे खरे, आणि चारित्र्य खोटे.

कोणी म्हणेल, घाटातला तो आडमार्ग तरी वेगळा काय? तीही सुरक्षिततेचीच सोय. नाही, भेद महत्त्वाचा आहे. आडमार्ग ड्रायव्हरचे कसब काढून घेत नाही. तो आधी परीक्षा घेतो आणि चूक झालीच तर माणसे वाचवतो. चुंबक परीक्षाच रद्द करते. आणि घाटात माणसांचे प्राण असतात. ओटीवर काय पणाला लागले होते? सगळी जोखीम जाऊन एका खेळण्याचा आरसा मोडण्याची.

दुसऱ्या दिवशी मी छोटा पेचकस घेतला आणि चुंबक काढले. पहिल्याच वळणावर गाडी खोबण सोडून थेट किल्ल्याच्या बुरुजावर गेली. डाव्या बाजूचा आरसा मोडला, एक मावळा आडवा झाला. बंडू खूश. मग हळूहळू बोटाला कळू लागले. वळणाआधी वीज तोडायची, शेपूट सुटू लागली की किंचित द्यायची, वळण संपताना मोकळे सोडायचे. फेरीला अडीचऐवजी चार सेकंद लागू लागले. पण त्या चार सेकंदांत गाडी शेपूट बाहेर टाकून, जिभेभोवती फिरत, वळण घेऊ लागली. भाच्याने मोबाइलवर ते पाच पटींनी संथ करून दाखवले आणि मी क्षणभर थक्क झालो. त्या चित्रात आमची ओटी होती, मागे आळिवाचे हिरवे रान होते, आणि त्यापुढून १९६४ ची कॉर्टिना निवांत घसरत चालली होती. चाक मात्र उचलले नाही. ते उचलणार नाही. जीभ खोबणीत राहायची तर नाक खाली ठेवावेच लागते. ही या कलाप्रकाराची मर्यादा आहे, आणि मर्यादेबद्दल कारागिराला दोष देणे हे टीकाकाराचे काम नव्हे.

तेव्हा निर्णय असा. वस्तू उत्तम आहे, आणि तिच्यातला एक भाग काढून टाकला की ती अधिक उत्तम होते. ज्या प्रतिकृतीला पडता येत नाही तिला धावताही येत नाही, एवढे या साडेतेरा सेंटिमीटरांनी मला शिकवले. कारागिराच्या पदरी एक पुण्य जमा धरले पाहिजे. चुंबक त्याने चिकटवले नव्हते, एका पेचावर ठेवले होते. बहुधा त्यालाही ठाऊक असावे.

ते चुंबक आता आमच्या फडताळात, नानांच्या पितळी शिट्टीजवळ पडले आहे. बंडू दोनदा मागायला आला. फेऱ्या मोजताना त्याची गाडी अजून सातव्या-आठव्या वळणाला पडते. मी त्याला सांगितले, आधी दहा पुरी कर.