राज्यांतर आणि रयतेची सांपत्तिक स्थिति : एल्फिन्स्टनच्या अहवालाचें परीक्षण

पेशवाई जाऊन कंपनीचा अंमल बसला, त्यानें दख्खनची सांपत्तिक स्थिति सुधारली कीं खालावली, हा वाद आपल्याकडे जुना आहे. चमत्कार असा कीं, वादांतील दोन्ही पक्ष आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ एकाच ग्रंथाकडे धांव घेतात. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें इ. स. १८१९ च्या आक्टोबरांत गव्हर्नर जनरलास सादर केलेला अहवाल तो हाच. या प्रश्नाच्या निर्णयास त्याचा उपयोग किती, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

पहिला पक्ष त्यांतील मक्त्यांचें वर्णन पुढें करतो. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत जो अधिक रक्कम बोलेल त्यास मामलत मिळे. उद्यां कोणी चढी बोली केल्यास ती आपल्या हातून जाईल, या धास्तीनें मक्तेदार रयतेस पिळून घेई. दुसरा पक्ष, एवढे दोष असतांहि मराठी मुलूख भरभराटींत होता, अशा आशयाचें एल्फिन्स्टनचें विधान काढून दाखवितो. परंतु वाक्याचा अर्थ प्रकरणावरून आणि उपक्रमोपसंहारांवरून ठरवावा, हा मीमांसकांचा नियम येथें दोघांनींहि मोडला आहे. दुसऱ्या पक्षाचें विधान न्यायपद्धतीच्या विवेचनांत आलें आहे. सरकारनें न्याय देण्याची फारशी खटपट केली नाहीं, तरी तो आपला आपण मिळविण्याचीं साधनें लोकांच्या हातीं राहूं दिलीं, असा तेथील इत्यर्थ. तो जमाखर्चाचा ताळा नव्हे. पहिल्या पक्षाचा उतारा एका पेशव्याच्या वहिवाटीपुरता आहे. नाना फडणविसांच्या वेळची व्यवस्था निराळी होती, हें त्याच अहवालांत नमूद आहे. तेव्हां त्यावरून सबंध पेशवाईवर ठपका ठेवतां येत नाहीं.

अहवालाच्या काळाचाहि विचार केला पाहिजे. बाजीराव ३ जून १८१८ रोजीं स्वाधीन झाला, आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आंत हें लिखाण झालें. त्याच्या मागें १८०२ ची होळकरांची स्वारी व १८०३-०४ चा दुष्काळ होता. अशा ओसाडीनंतरच्या वर्षांशीं जो तुलना करील, त्यास पुढचें कोणतेंहि राज्य बरेंच दिसेल. उलट, थोरल्या माधवरावाच्या काळापासून जो मोजूं लागेल, त्यास ऱ्हासच दिसेल.

आतां पुढील वृत्त पाहूं. मक्ते बंद झाले आणि वसुलीस शिस्त आली, ही गोष्ट खरी. परंतु धान्य विकत घेणारा दरबार व फौजा मोडल्या, शांततेनें लागवड वाढली, आणि सारा मात्र रोकड द्यावयाचा. त्यामुळें भाव उतरले व साऱ्याचें ओझें वाढलें. इ. स. १८३० च्या सुमारास प्रिंगलनें निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारचे, असा हिशेब मांडून आकारणी केली. कागदावर ती शास्त्रशुद्ध होती; पण इंदापूर तालुक्यांत शेतें पडीक पडलीं आणि कुळें शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेलीं. पुढें १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं दर उतरवून ते तीस वर्षांसाठीं कायम केले, तेव्हां तीच जमीन पुन्हां नांगराखालीं आली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास चढा भाव मिळाला. युद्ध संपतांच तो कोसळला. अशांतच १८६७ पासून इंदापुरास फेरपाहणी लागू होऊन सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला, आणि तो पसरत गेला त्या गांवांतून लोकांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्यावर १८७९ चा कायदा करणें सरकारास भाग पडलें.

यावरून काय दिसतें? रयतेच्या स्थितीनें वळण घेतलें तें १८३०, १८३६ आणि १८६५-६७ या सालीं. १८५८ त तर कंपनी जाऊन राणीचें राज्य आलें. तथापि इंदापूरच्या शेतकऱ्यास त्याचें भान तरी कितपत झालें असेल? त्याची तीस वर्षांची आकारणी दोन्ही राज्यांतून अखंड चालली होती.

यावर असा आक्षेप येईल कीं, आकारणी ठरविणारें सरकारच ना? होय; आणि तेवढ्यापुरतें राज्यांतरास महत्त्व आहे. राजा हा काळाचें कारण होय, असा निर्वाळा भीष्मांनीं शांतिपर्वांत दिला आहे. पण दंडनीतीचा अंमल पुरता कीं अपुरा, यावर कृतादि युगें अवलंबून असतात, असेंहि ते तेथेंच सांगतात. म्हणजे सिंहासनावर कोण बसला यापेक्षां सारा किती, कोणत्या महिन्यांत व कोणत्या भावाच्या दिवसांत घेतला, हें पाहणें अगत्याचें. रविंदर कुमार यांनीं १९६८ त आणि सुमित गुहा यांनीं १९८५ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या विषयाचा विचार मुलकी दप्तराच्या आधारें केला आहे. मार्ग तोच आहे.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. शिक्क्यामोर्तबाचें पत्र मिळालें कीं आपण तें रेशमी रुमालांत बांधून ठेवतों, आणि त्याच घरांतील लावणीपत्रकें, ताळेबंद व कर्जरोखे वाळवीच्या स्वाधीन करतों. १८१८ त राज्य बदललें, पण गांवचा कुळकर्णी बदलला नाहीं. अलीकडचें व पलीकडचें वर्ष एकाच हस्ताक्षरांत सांपडण्याचा संभव त्याच्या दप्तरांत आहे. असें एक दप्तर हातीं लागल्यास त्यांतील एकहि चिटोरें टाकूं नये. जो निर्णय एल्फिन्स्टन देऊं शकला नाहीं, तो देण्याची योग्यता त्या चिटोऱ्यांत असूं शकेल.