मराठी फाइलनावे आणि स्वयंचलित चाचणी : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :
संगणकप्रणालीच्या स्वयंचलित चाचणीत फाइल निर्माण करणे, निर्देशिका वाचणे आणि मिळालेले नाव अपेक्षित नावाशी ताडून पाहणे हा नित्याचा क्रम होय. मराठी नावांच्या संदर्भात ही तुलना कितपत विश्वसनीय ठरते, याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

विवेचन :
जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठच्या ओझर या अष्टविनायक क्षेत्राचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. ‘ओझर’ या नावातील तिन्ही युनिकोड संकेतांक अविघटनशील असल्याने ते सर्वत्र जसेच्या तसे परत मिळते. चाचणी उत्तीर्ण होते; परंतु तिने सिद्ध काहीच होत नाही. ‘ओझरच्या शेतकऱ्यांची यादी’ असे नाव देताच खरी कसोटी लागते.

‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. युनिकोडच्या दृष्टीने ही रूपे समतुल्य आहेत. मॅक संगणकांवर 1998 मध्ये आलेली एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे. 2017 मध्ये आलेली एपीएफएस दिलेले रूप जतन करते. लिनक्सवरील ईएक्सटी४ सामान्यतः केवळ बाइट्स पाहते; तिच्या लेखी ही दोन वेगळी नावे ठरतात. परिणामी एकच चाचणी एका संगणकावर यशस्वी, तर दुसऱ्यावर अयशस्वी होते.

अशा वेळी ती चाचणी त्या प्रणालीपुरती वगळण्याचा मार्ग सोयीचा खरा. पण त्यामुळे दोष दूर न होता केवळ दृष्टिआड होतो. तुलनेपूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणणे अधिक सयुक्तिक होय. तथापि हा उपायही अपुरा आहे. हेच अक्षर ‘र’, हलन्त व शून्यरुंदीचे जोडचिन्ह यांनीही लिहिले जाते. हे तिसरे रूप पहिल्या दोहोंशी समतुल्य मानलेले नाही. त्यामुळे युनिकोडचे सामान्यीकरण त्यास स्पर्श करीत नाही. जोडचिन्ह निरुपयोगी समजून काढून टाकावे, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि अर्थच पालटतो. ‘ॲ’ची स्थितीही अशीच आहे. 2008 मध्ये त्यास स्वतंत्र संकेतांक मिळाला. मात्र ‘अ’ला चंद्र जोडून केलेले जुने रूप त्याच्याशी समतुल्य ठरत नाही.

निष्कर्ष :
तुलनेसाठी सामान्यीकृत रूप वापरावे. फाइल उघडताना मात्र प्रणालीने परत केलेले नावच वापरावे. तिसऱ्या रूपासाठी मराठी लेखननियमांवर आधारित स्वतंत्र नियम आवश्यक आहे. चाचणीची नावेही मराठीच्या अडचणीच्या अक्षरांतून निवडावीत. अन्यथा यादीत नाव असूनही शोधात न सापडणारा शेतकरी, हे यशस्वी चाचणीचेच फलित ठरेल.