करंडकापलीकडची चुरस

पुण्याची एकांकिका संहितेवर उभी असते आणि मुंबईची प्रयोगावर, असं स्पर्धेतली मंडळी वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत. त्यात थोडी अतिशयोक्ती असली, तरी दोन शहरांची चुरस याच फरकावर पोसली गेली.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी घुमते, पडदा उघडतो आणि दोन लेव्हल्स, एखादी खुर्ची एवढ्याच सामानावर पोरं उभी राहतात. जे काय करायचं ते शब्दांनी आणि अंगानं. मुंबईच्या स्पर्धांमध्ये दहा-बारा सेकंदांच्या ब्लॅकआउटमध्ये, एकमेकांना न धडकता, त्याच वयाची पोरं चाळीची गॅलरी हलवून लोकलचा डबा लावतात. दिवे येतात तेव्हा नट आपल्या जागेवर असतो आणि त्याला धाप लागलेली दिसत नाही. ही शिस्त तालमीतच कमवावी लागते. तिला नुसती चकचक म्हणणाऱ्या पुणेकरांशी माझं कधीच जमलं नाही.

या चुरशीचं सोनं झालं ते दोन्ही शहरं एकमेकांत मिसळली तेव्हा. १९६७मध्ये मुंबईत ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं. पाचच वर्षांनी, १६ डिसेंबर १९७२ला, त्याच मुंबईकर लेखकाचं ‘घाशीराम कोतवाल’ पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेनं भरत नाट्य मंदिरात उभं केलं. ते उभं करणाऱ्यांतले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे तर बी. जे. मेडिकलमधून आलेले. लेखणी मुंबईची, प्रयोगातली माणसांची भिंत पुण्याची, आणि विषय खुद्द पेशव्यांचं पुणं!

आज नेमका दोन शहरांमधला हा फरक पुसट होतो आहे. एकच एकांकिका वर्षभर या करंडकाकडून त्या करंडकाकडे फिरते, त्यामुळे ती सगळ्याच परीक्षकांना चालेल अशी बेतली जाते. सुरुवातीला समूहाची हालचाल, मध्ये एक गाणं, शेवटी सामाजिक आशयाचं टाळीचं भाषण. पुण्याची कोणती आणि मुंबईची कोणती, हे डोळे मिटून सांगता येत नाही. २०२२मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. त्यावर खूप वाद झाला. निर्णय कठोर होता, पण मला तो पटला.

अभिनयाची कमतरता कुठेच नाही. अडतं ते लेखनात. आदल्या वर्षीची विजेती संहिता समोर ठेवून नवी लिहिली जाते, आणि दुसऱ्या शहरातलं काम पाहायला मिळतं ते फक्त स्पर्धेच्या धावपळीत, स्वतःची एंट्री डोक्यात असताना. पुण्याची विजेती एकांकिका दादरला आणि मुंबईची सदाशिव पेठेत, गुणपत्रिका बाजूला ठेवून, एकदा तरी करावी. प्रयोगानंतर समोरच्या शहरातल्या विद्यार्थी लेखकांना मंचावर बोलवावं आणि त्यांना पटलं नाही ते तोंडावर बोलू द्यावं.