सुरक्षारक्षक नव्हे, ब्रेक

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. निवड समितीने त्या वेळी नियामक टी-पेशींना प्रतिकारयंत्रणेचे 'सुरक्षारक्षक' म्हटले. उपमा सुटसुटीत आहे. पण वर्गात ती जशीच्या तशी वापरू नये, असे आम्हांला वाटते.

मीरा-भाईंदरच्या इमारतींत वाढणाऱ्या मुलांना सुरक्षारक्षक म्हणजे फाटकाशी परक्याला अडवणारा माणूस. नियामक पेशी परक्याला अडवत नाहीत. त्या आपल्याच हल्लेखोर पेशींना आवरतात. त्या वगळल्या तर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडते, हे साकागुचींनी १९९५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले.

उपमेची खरी अडचण कर्करोगापाशी येते. रक्षक चोराला मदत का करील? तो फितूर झाला म्हणावे, तर तेही खरे नाही. गाठीतून सुटणाऱ्या रासायनिक संदेशांमुळे नियामक पेशी तेथे ओढल्या जातात आणि आपले नेहमीचेच काम करतात. हल्लेखोर पेशींना लागणारे इंटरल्यूकिन-२ त्या शोषून घेतात, त्यांना मंदावणारी द्रव्ये स्रवतात. गाठीतून रक्तात शिरलेल्या बहुतेक कर्कपेशी एरवी वाटेतच मरतात. हल्ला मंदावला, की त्यांतल्या काहींना फुप्फुसात, यकृतात वा हाडांत बस्तान बसवणे सोपे जाते.

म्हणून आम्ही ब्रेकची उपमा सुचवू. गायमुखच्या घाटात उतरताना ब्रेक नसेल तर अपघात. चढताना तो दाबलेलाच राहिला तर गाडी हलत नाही. ब्रेक दोन्ही वेळी तोच. टी-पेशींवर असे आणखीही ब्रेक असतात. त्यांतला एक सैल करणारे निवोलुमॅब हे औषध मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात अल्प मात्रेत, इतर औषधांच्या जोडीने दिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्र ब्रेक सैल झाल्याने अशा औषधांनी आतड्याला वा फुप्फुसाला सूजही येऊ शकते.

उपमेचा हा वाद केवळ शब्दांचा नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिरातींना भुलून रुग्णाच्या घरचे चूर्णे आणि काढे विकत घेतात. कधी 'तुझीच शक्ती कमी पडली' असे रुग्णालाच ऐकवतात. ब्रेक समजलेला विद्यार्थी निदान विचारील : कोणत्या पेशी वाढवायच्या, हल्ला करणाऱ्या की आवरणाऱ्या?